ॲलगॉल
ॲलगॉल : ययाती तारकासमूहातील ग्रहणकारी युग्मतारा. मूळ अरबी नावाचा अर्थ राक्षस असा आहे. तेज मंदावते म्हणून हे नाव पडले असे सांगतात; त्यास सबळ पुरावा नाही. एरवी याची प्रत २.१ असते. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी ती ३.४ पर्यंत उतरते (प्रतीचा आकडा वाढला म्हणजे तेज घटले). मंदावून पूर्ववत होण्यास सु. १० तास लागतात.

हा आवर्तकाल १७८२-८३ मध्ये यॉर्क येथे जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या कर्णबधिर तरुणाने नुसत्या डोळ्यांनी शोधून काढला. भोवती फिरणारी एखादी मोठी वस्तू ताऱ्यास झाकत असावी किंवा त्यावर डाग असावेत, अशी दोन अनुमाने त्यांनी मांडली. १७८३ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. १७८६ मध्ये, अवघे २१ वर्षांचे असताना, ते निधन पावले. पहिले अनुमान खरे असल्याचे फोगेल यांनी १८८९ मध्ये वर्णपटरेषांच्या स्थानांतरावरून सिद्ध केले.

युग्मातील तेजस्वी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सु. ३.२ पट, तर मंद जोडीदाराचे ०.७ पट आहे. वास्तविक जड तारा आधी वृद्ध व्हावा. येथे हलका जोडीदारच अधिक वृद्ध आहे. त्याचे बरेचसे द्रव्य दुसऱ्याकडे वाहून गेले, हे याचे कारण होय.

महाराष्ट्रातून डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास ॲलगॉल खस्वस्तिकाच्या उत्तरेस दिसतो. तुलनेसाठी देवयानीतील गॅमा (प्रत २.१) व ययातीतील डेल्टा (प्रत ३.०) हे तारे घ्यावेत आणि दर अर्ध्या तासाने नोंद करावी. जवळचा रो हा तारा मात्र घेऊ नये. तोही रूपविकारी आहे.