आठाचे पाच झाले, म्हणजे काय झाले?

झाशी स्टेशनच्या रुळांपलीकडे सीपरी बाजार. तिथल्या एखाद्या घरात बाईला स्तनाचा कर्करोग निघाला की घरचे आधी गाड्या बघतात. ग्वाल्हेर शंभरेक किलोमीटर, लखनौ तीनशे, दिल्ली चारशे आणि पंजाब मेलमध्ये बसलं तर अकराशे किलोमीटरवर मुंबई, म्हणजे परळचं टाटा रुग्णालय. पहिला पेट स्कॅन एका शहरात होतो, केमो दुसरीकडे सुरू होते आणि काही महिन्यांनी दुसरा स्कॅन जिथे लवकर तारीख मिळेल तिथे उरकला जातो. मग दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून नातेवाईक विचारतात, तेव्हा आठ होते, आता पाच आहेत. बरं आहे ना?

बरं असेलही. पण ते आठ आणि हे पाच एकाच मापाने मोजले असतील, तरच.

हा आकडा म्हणजे ‘एसयूव्ही’. साखरेच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडून केलेलं एफडीजी शिरेतून देतात. कर्कपेशी साखर अधाशासारखी ओढतात, हे ओटो वॉरबर्ग यांनी 1920च्या दशकातच दाखवलं होतं. टोचलेलं औषध अंगभर अगदी सारखं पसरलं असतं, तर प्रत्येक ठिकाणी एसयूव्ही एक आला असता. गाठीत आठ आला, म्हणजे तिथे सरासरीच्या आठपट औषध साठलं. गणित एवढंच: गाठीतल्या किरणोत्साराला भागायचं, रुग्णाच्या वजनामागे किती डोस पडला त्याने.

भागाकार सोपा, पण त्यात शिरणाऱ्या चुका पुष्कळ. इंजेक्शनच्या खोलीत पाहा. सिरिंजमधला डोस आधी मोजतात, टोचून झाल्यावर तिच्यात उरलेला पुन्हा मोजतात. ही दुसरी मोजणी राहिली तर रुग्णाला प्रत्यक्षात मिळाला त्यापेक्षा जास्त डोस कागदावर चढतो आणि एसयूव्ही खोटाच उतरतो. सुई आजारी स्तनाच्या विरुद्ध बाजूच्या हाताला लावतात. औषध शिरेबाहेर झिरपलं तरी हिशेब बिघडतो. मग तासभर स्वस्थ पडून राहायचं, पांघरूण घेऊन. थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी साखर खाऊ लागते. हा तास महत्त्वाचा असतो. बहुतेक गाठी त्यानंतरही साखर ओढतच राहतात, म्हणून पहिला स्कॅन साठाव्या मिनिटाला आणि दुसरा गर्दीमुळे नव्वदाव्या मिनिटाला झाला, तर उपचार कितीही चांगला लागू पडो, आकडा वर सरकतो. रक्तातली साखर वाढलेली असली तर उलट, तो घसरतो. केमोत वजन बदलतं, त्याचाही फरक पडतो. चरबी एफडीजी फारसं घेत नाही, म्हणून जाणकार पूर्ण वजनाऐवजी चरबी वगळून उरणारं वजन धरतात.

रिचर्ड वाल यांनी 1993 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या अकरा स्त्रियांवर हे मोजून पाहिलं. औषध लागू पडलेल्या गाठींची साखरेची ओढ आधी कमी झाली, आकार नंतर आटला. याच वाल यांनी 2009 मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘पर्सिस्ट’ निकष मांडले. त्यांत तीस टक्के घट आणि शिवाय निदान 0.8चा फरक असेल, तरच प्रतिसाद म्हणायचं. दोन स्कॅनच्या वेळेत पंधरा मिनिटांहून जास्त तफावत नको आणि यंत्र शक्यतो तेच हवं. निरोगी यकृताचा आकडाही दोन्ही वेळा तपासायचा. तोच फार हलला असेल, तर गाठीच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार?

हे सगळं फार काटेकोर वाटेल. पण या आकड्यावर आता केमो द्यायची की नाही, हे ठरवून पाहिलं गेलंय. ‘फेरगेन’ या युरोपातल्या अभ्यासात हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हर-टू प्रथिन जास्त असलेल्या, कर्करोगाच्या 285 रुग्णांना सुरुवातीला केमो न देता फक्त त्या प्रथिनाला रोखणारी ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही औषधं दिली, हार्मोनवर वाढणारी गाठ असेल तर जोडीला हार्मोनविरोधी गोळी. दोन सायकलनंतर पेट केला. ज्यांचा एसयूव्ही 40 टक्के किंवा अधिक उतरला, त्यांची केमो टळली, निदान शस्त्रक्रियेपर्यंत. असे 227 जण निघाले आणि त्यांतल्या 86 जणांच्या शस्त्रक्रियेत कर्कपेशी सापडल्याच नाहीत. केमोविना सुरुवात केलेल्या पूर्ण गटात तीन वर्षांनंतर 94.8 टक्के रुग्ण रोग न उलटता जगत होते. पण 227पैकी उरलेल्या 141 जणांच्या बाबतीत पेट ‘उतरला’ म्हणाला, तरी पेशी शिल्लक होत्या. पॅथॉलॉजिस्टचं काम पेटने संपत नाही, हे केमो टळल्याच्या आनंदात विसरलं जातं. सेंटीमीटरहून लहान गाठीत पेट कमी मोजतो, लोब्युलर प्रकारात पुष्कळदा अंधूक दिसतो. अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर, लक्षणं नसताना, सरसकट पेट करायची गरजही नसते, हे मात्र स्कॅनच्या जाहिराती सांगत नाहीत.

आता अंतराचा प्रश्न. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. दिल्लीकडून डोस गाडीत घालून झाशीला पाठवला आणि सात-साडेसात तास लागले, तर सोळावा हिस्सा हाती येईल. म्हणून पेट हे फ्लोरिन बनवणाऱ्या सायक्लोट्रॉनच्या आसपास वाढला. भारतातलं पहिलं पेट 2002 साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राने 1963 मध्ये उभारलेल्या संस्थेत, सुरू झालं, ते स्वतःच्या सायक्लोट्रॉनसह. हाडांच्या बोन स्कॅनला लागणाऱ्या टेक्निशियमची गोष्ट वेगळी. ते सहा तासांनी निम्मं होतं, पण ते ज्या मॉलिब्डेनमपासून तयार होतं ते निम्मं व्हायला 66 तास लागतात. जनरेटर एकदा पोचला की रोज सकाळी त्यातून टेक्निशियम ‘दुहून’ घेता येतं. सायक्लोट्रॉनपासून लांबच्या गावांनाही बोन स्कॅन परवडतो तो यामुळे.

बोन स्कॅन मात्र फसवा असतो. औषध लागू पडलं की हाड स्वतःला दुरुस्त करू लागतं आणि दुरुस्तीचं हाड टेक्निशियम जास्त ओढतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जुने ठिपके ठळक होतात, कधी नवेही उमटतात. रिपोर्टात ‘वाढ’ असं येतं, घरात रडारड होते, आणि बाईचं दुखणं तर कमी झालेलं असतं. टॅमोक्सिफेन सुरू केल्यावर आठवडा-दहा दिवसांत एफडीजी पेटमध्येही असाच भडका दिसू शकतो, आणि तो औषध लागू पडत असल्याची खूण असते. अशा वेळी घाईने औषध बदललं, तर चाललेला उपचार हातचा जातो.

ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्यांच्या हृदयावरही लक्ष ठेवावं लागतं. त्यासाठी साधारण दर तीन महिन्यांनी इको करतात किंवा टेक्निशियमचा मुगा स्कॅन. हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं, ते त्यात मोजतात. टक्केवारी दहाने घसरून पन्नासच्या खाली गेली तर औषध थांबवायचा विचार होतो. पण ग्वाल्हेरच्या इकोतले 58 आणि दिल्लीच्या मुगातले 50 यांची वजाबाकी करून चालत नाही. आधी इको झाला असेल तर पुढेही इकोच, आणि जमलं तर त्याच ठिकाणी.