बॅटरी बदलण्याआधी

ब्रिटनमधल्या वेस्टफील्ड मेगाबुसा या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये सुझुकी हायाबुसा बाइकचं इंजिन असतं. अशा गाडीची बॅटरी सारखी उतरू लागली की लोक आधी बॅटरीच बदलतात. पैसे वाया! त्याऐवजी इंजिन ५००० आरपीएमवर ठेवून बॅटरीला मल्टिमीटर लावा. १४ व्होल्टच्या आसपास दिसले तर चार्जिंग ठीक. १३ च्याही खाली राहिले तर इंजिन बंद करून स्टेटरचा (इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या कॉइल्सचा) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवा. प्लास्टिक तपकिरी पडलंय का, वितळलंय का, नीट बघा. स्टेटरकडून येणाऱ्या तिन्ही वायरींपैकी एकीचाही इंजिनच्या धातूशी संपर्क नको. कपलर सुटाच ठेवून इंजिन चालू केल्यावर या वायरींच्या प्रत्येक जोडीत एसी व्होल्टेज सारखं हवं. हे ठीक असेल तर दोष बहुधा एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरचा. बाइकवर त्याला वारा लागतो, कारमध्ये तो कोंडून तापतो. नवा बसवताना जागाही बदला.