जंतू मारायचा की त्याचे विष उतरवायचे?

घटसर्पाने एकेकाळी घरेच्या घरे ओस पाडली. मुलाच्या घशात करडा पडदा धरायचा, श्वास कोंडायचा. त्यातून वाचले तरी पुढे हृदय दगा द्यायचे. जंतू मात्र घशातच असत. हृदयापर्यंत पोहोचायचे ते त्यांचे विष. १८९० मध्ये बर्लिनला एमिल फॉन बेहरिंग आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी दाखवले, की असे विष टोचून सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्यावरचा उतारा तयार होतो. पुढे घोड्यांच्या रक्तद्रवाने असंख्य मुले वाचली. हा उतारा जंतूला मारत नाही, विषाला धरून ठेवतो. सर्पदंशावरच्या औषधाचे तत्त्वही हेच.

मग पेनिसिलिन आले, जंतूच मारता येऊ लागले आणि ही वाट मागे पडली. पण प्रतिजैविकाच्या माऱ्यात दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. म्हणून संशोधक पुन्हा जुन्या वाटेकडे वळले.

क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूचे उदाहरण बोलके आहे. प्रतिजैविकांनी आतड्यातले उपकारक जंतू मेले, की हा फोफावतो. त्याचे विष पेशीत शिरून तिचा आतला सांगाडा ढासळवते आणि जीवघेणे जुलाब सुरू होतात. उपचाराने बरे वाटले तरी दुखणे अनेकदा उलटते. त्याच्या ‘बी’ विषाला अडवणाऱ्या बेझलोटोक्सुमॅब या प्रतिपिंडाला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नेहमीच्या प्रतिजैविकासोबत सलाइनमधून एकदाच दिल्यावर दुखणे उलटण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले.

विष निकामी झाले तरी जंतू जिवंत राहतो. त्यामुळे चिवट वाणांनाच निवडून काढणारा दबाव कमी राहील, अशी आशा आहे. पण मर्यादाही आहेत. पेशीत शिरलेले विष परत ओढता येत नाही, म्हणून उतारा वेळेवर हवा. त्यासाठी नेमका जंतू लवकर ओळखावा लागतो. शिवाय काही जंतूंच्या भात्यात एक नव्हे, अनेक विषे असतात. त्यामुळे हे उपाय प्रतिजैविकांच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीने वापरायचे.

आणखी एक अडचण प्रयोगशाळेबाहेरची आहे. बेझलोटोक्सुमॅब २०२५ मध्ये उत्पादक कंपनीने बाजारातून काढून घेतले. रुग्णाला एकदाच लागणाऱ्या औषधाचा बाजार लहानच असतो. घटसर्पाचा उतारा मात्र सव्वाशे वर्षांनंतरही रुग्णाला द्यावा लागतो. औषध शोधणे जितके अवघड, तितकेच ते टिकवणेही.