निर्मळ पाण्याची साक्ष

विहिरीचे पाणी आरशासारखे दिसले व चवीस गोड लागले, की ते चांगले, असे मानण्याची आपली पिढीजात चाल आहे. ही परीक्षा अगदीच टाकाऊ नव्हे. परंतु डोळा आणि जीभ हे दोन साक्षीदार कोठे फसतात, हे बंगालच्या खेड्यांनी फार मोठी किंमत देऊन जगास शिकविले आहे.

तळ्यांच्या दूषित पाण्याने पटकी व हगवण होऊन तेथील मुले दगावत. म्हणून १९७० नंतर बांगलादेशात गावोगाव कूपनलिका खोदण्यात आल्या. हेतू चांगला होता, पाणीही स्वच्छ दिसत होते. परंतु १९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील काही खेडुतांच्या अंगावरील डाग आणि तळहात-तळपायांवरील खरखरीत गाठी पाहून हा सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, परिणाम असल्याचे ओळखले. १९९३ साली बांगलादेशातील पाण्यातही तो सापडला. कित्येक रोग्यांना तर महारोगी समजून लोकांनी दूर लोटले होते. हे विष कोणी कालविले नव्हते. नद्यांनी हिमालयातून आणलेल्या गाळात ते लोहाच्या गंजाला चिकटून होते. प्राणवायू नसलेल्या थरांत ते सुटून पाण्यात उतरले.

जागतिक आरोग्य संघटनेने याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठरविली आहे. दहा हजार लिटरचे दहा टँकर भरावेत आणि त्या सर्वांत मिळून एकच ग्रॅम सोमल विरघळवावा, इतके हे प्रमाण अल्प! त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळूनही तो जात नाही; पाणी आटते, सोमल तेवढाच राहतो.

मग तो सापडावा कसा? गावात नेण्याजोग्या पेटीने परीक्षा करताना पाण्यात आम्ल व जस्त घालतात. सोमलाचा वायू होऊन वरच्या रसायन लावलेल्या कागदावर पिवळा किंवा तपकिरी डाग उमटतो. प्रयोगशाळेत नमुन्यातील अणू विशिष्ट प्रकाश किती शोषतात, ते यंत्राने मोजतात. कीटकनाशकांची रीत निराळी. गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र प्रथम त्यांची फोड करते. मग जेम्स लवलॉक यांनी १९५७ च्या सुमारास बनविलेल्या शोधक उपकरणासारखी साधने डीडीटीचा अतिसूक्ष्म अंशही पकडतात. नमुन्याची बाटलीसुद्धा वेगळी. धातूंसाठी प्लॅस्टिकची, आम्लाचे थेंब घातलेली. कीटकनाशकांसाठी काचेची, कारण ती प्लॅस्टिकला चिकटतात. बाटली चुकली की यंत्र कितीही उत्तम असले तरी उत्तर खोटे येते.

या शतकाच्या आरंभी बांगलादेशात सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. दूषित नळास तांबडा रंग, निर्धोकास हिरवा. एका अंगणातील नळ तांबडा, तर शेजारचा हिरवा, असे पुष्कळ ठिकाणी आढळले. म्हणूनच एका विहिरीवरून दुसरीचा निवाडा करता येत नाही. प्रत्येक विहीर स्वतंत्रपणे मोजावी लागते.

वाचकहो, आपल्या विहिरीत विष आहे, असे आम्ही म्हणत नाही. मोजल्यावाचून आहे म्हणणे जसे अन्यायाचे, तसेच नाही म्हणणेही धाडसाचे. शेजाऱ्यांनी मिळून नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्यावा. आणि एखाद्याची विहीर दूषित निघालीच, तर ज्याची निर्धोक असेल त्याने आपला रहाट त्याच्यासाठी मोकळा ठेवावा. मोजणे हे यंत्राचे काम. पाणी वाटून घेणे मात्र माणसाचेच.