एक शिक्षक, चार इयत्ता आणि संगणक

एकाच वर्गखोलीत एकाच शिक्षकाने अनेक इयत्ता सांभाळण्याच्या पद्धतीला शिक्षणशास्त्रात बहुवर्ग अध्यापन म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीपर्यंतच्या शाळेत साठपर्यंत विद्यार्थी असल्यास दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे उल्हासनगर-अंबरनाथला पाणी पुरवणाऱ्या बारवी धरणाच्या परिसरासारख्या विरळ वस्तीच्या डोंगराळ भागातील वाड्या-पाड्यांवर ही पद्धत टाळता येत नाही. अशा शाळेत गुरुजी पहिलीला मुळाक्षरे गिरवून घेत असताना चौथीच्या मुलांनी काय करायचे, हा रोजचा प्रश्न असतो, आणि शालेय संगणकाची खरी कसोटी तिथेच लागते.

या दृष्टीने बदलापूरच्या पुढील कर्जत तालुक्यातील खैराट येथे २००७ मध्ये झालेला प्रयोग मोलाचा आहे. अमेरिकेतील निकोलस नेग्रोपोंटे यांनी मांडलेल्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचा भारतातील हा पहिला प्रयोग होता, आणि त्यासाठी पहिली ते चौथीची एकशिक्षकी शाळा निवडली गेली होती. हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या त्या छोट्या लॅपटॉपचा पडदा भर उन्हातही वाचता येई, आणि दोन्ही बाजूंना उभारलेल्या सशासारख्या कानांतून, म्हणजे अँटेनांतून, जवळपासची यंत्रे आपसांत जोडली जात.

यंत्राइतकेच महत्त्व त्यामागील विचाराला होते. संगणकाने मुलाला शिकवण्याऐवजी मुलाने संगणकाला शिकवावे, असे शिक्षणतज्ज्ञ सिमोर पॅपर्ट यांचे प्रतिपादन होते आणि त्यासाठीच १९६७ मध्ये 'लोगो' ही आज्ञावलीची भाषा तयार झाली. लोगोमध्ये पडद्यावर फिरणाऱ्या कासवरूपी खुणेला शंभर पावले पुढे जा आणि नव्वद अंश उजवीकडे वळ, अशी जोडआज्ञा चार वेळा दिली की चौकोन उमटतो. कोन चुकला तर आकृती बंद होत नाही, आणि गुरुजी दुसऱ्या इयत्तेकडे असले तरी चूक मुलाच्या स्वतःच्याच लक्षात येते. बहुवर्ग शाळेला हवा असलेला गुण तो हाच.

तरीही केवळ यंत्रांच्या वाटपाने हे साधत नाही, हे याच लॅपटॉप योजनेच्या पेरूमधील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये समोर आले: तिथे संगणकाचा वापर वाढला, परंतु गणित आणि भाषेतील गुणांत वाढ दिसली नाही. आपल्याकडेही २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर लोकसहभागातून अनेक जिल्हा परिषद शाळा 'डिजिटल' झाल्या, ही ग्रामस्थांच्या आस्थेची मोठी खूण आहे. पण प्रोजेक्टरवर धडा दाखवताना सगळ्या इयत्ता एकाच पडद्याकडे पाहत बसणार असतील, तर बहुवर्गाची अडचण जशीच्या तशी उरते. द्विशिक्षकी शाळेसाठी एका मोठ्या पडद्यापेक्षा तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाती दिलेली चार-पाच साधी यंत्रे, त्यांवर करायची मराठीतील नेमकी कामे आणि ती कामे आखण्यासाठी शिक्षकाला मिळालेला वेळ अधिक उपयोगी ठरेल, आणि या तिन्हींपैकी शिक्षकाचा वेळ हीच बाब खरेदीच्या यादीत कधी येत नाही.