डोंबिवलीहून खारघर, चार नंबरच्या आयर्नसाठी

पहाटे 4.45. बॅग डिकीत टाकून मी डोंबिवलीहून निघतो. कल्याण-शीळ रस्ता तुंबायच्या आत शीळफाटा ओलांडायचा, मग तळोजामार्गे खारघर. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या ज्या नोकरदारांना गोल्फ क्लबचं सभासदत्व परवडत नाही, त्यांना सिडकोचं इथलं गोल्फ कोर्स मोठा आधार आहे. 2012 साली ते सुरू झालं; पैसे भरून कुणीही खेळावं.

6.00. ठाण्याचे एक बँक अधिकारी माझ्याकडे शिकायला येतात. सात नंबरचं आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या तोंडाचा क्लब, सुरेख चालतं, पण चार नंबर हातात आला की खांदे आवळतात.

"सर, बॉल उठतच नाही."

"साहेब, तुम्ही उठवायला जाता म्हणूनच. ते काम क्लबच्या तोंडाच्या उताराचं आहे."

चार नंबरचा उतार साधारण 24 अंशांचा, आणि दांडा सात नंबरपेक्षा सुमारे दीड इंच लांब. उतार कमी म्हणून माणूस घाबरतो, उजव्या पायावर रेलतो, आणि क्लब बॉलच्या मागेच जमिनीत घुसतो.

7.00. मी त्यांना सरावाच्या चटईवरून खाली उतरवतो. चटई चूक झाकते: क्लब मागे आदळला तरी घसरत पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. मातीवर चुन्याची रेघ मारायची, तिच्यावर बॉल ठेवायचा. गवत निघालं पाहिजे ते रेघेच्या पुढे. साहेबांचे पहिले फटके रेघेच्या चार बोटं मागे पडतात. बॉल मध्यापासून थोडा डाव्या टाचेकडे घ्यायला लावतो, पकड सैल करतो आणि क्लब वर गेल्यावर क्षणभर थांबवतो. मग आधी कंबर, नंतर हात. थोड्या वेळाने रेघेच्या पुढे पातळ, बोटभर रुंद साल निघते. आवाजही बदलतो. मला या कामात सर्वांत आवडतो तो हा आवाज.

दुपारी 1.00. ग्रिप बदलायचं काम. जुनी कापायची, दुतर्फी टेप लावायची, थिनर ओतून नवी सरकवायची. आपल्या दमट हवेत ग्रिप गुळगुळीत होते, मग माणूस ती घट्ट आवळतो, आणि त्याची पहिली शिक्षा लांब आयर्नला होते. मदतीला आलेल्या मुलाला गोल्फपटू बेन होगनची गोष्ट सांगतो: 1949 च्या भीषण मोटार अपघातानंतर पुढच्याच वर्षी यूएस ओपनच्या अठराव्या होलवर त्याने एक नंबरच्या आयर्नने बॉल ग्रीनवर नेला, आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला.

संध्याकाळी 7.30. डोंबिवलीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोघेतिघे शिकायला थांबलेले असतात. इथे बॉल नाही, क्लबही नाही. भिंतीला पाठमोरं, कंबर टेकवून उभं राहायचं, हात छातीवर बांधायचे आणि सावकाश वळायचं; कंबर भिंतीपासून सुटली की पुन्हा सुरुवात. रविवारीच मैदान दिसणाऱ्या माणसाचा खरा सराव हाच.

माझं मत स्पष्ट आहे. चार नंबर रेघेच्या पुढे लागू लागल्याशिवाय तीन नंबर विकत घेऊ नका. आणि स्विंगला वेगच कमी असेल, तर लांब आयर्नऐवजी हायब्रिड क्लब घ्या. त्यात कमीपणा काही नाही.