भेंडीचा शेवटचा आकडा

पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकात भाजीवाल्या मावशींनी काट्यावर भेंडी ओतली. शेवटचा आकडा क्षणभर लुकलुकला आणि स्थिरावला. ताटलीखालचा धातूचा दांडा वजनाने केसभर वाकतो, तसं व्होल्टेज किंचित बदलतं. तीस किलोच्या काट्यात पूर्ण भाराला जेमतेम 10 मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे 5 ग्रॅमला दोन मायक्रोव्होल्टसुद्धा नाहीत! त्याचा आकडा करते ती मिक्स्ड-सिग्नल चिप. एकाच सिलिकॉनवर नाजूक ॲनालॉग आणि खडखडाट करणारं डिजिटल. ध्यानाला बसलेल्याच्या शेजारी ढोल-ताशा, असा हा संसार.

अशा चिपची चाचणी त्याहून किचकट. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या चमूने घडवलेला ‘अजित’ प्रोसेसर डिजिटल. तिथे उत्तर बरोबर किंवा चूक. इथे प्रश्न ‘किती चूक चालेल?’ साध्या 12 बिटांच्या चिपलाही 4096 पायऱ्या. संथ चढतं व्होल्टेज देऊन प्रत्येक पायरीवर किती नोंदी पडल्या ते मोजतात. एखादी पायरी जास्त रुंद निघते, एखादी चक्क गायब. चाकणला बनणाऱ्या गाडीच्या इंजिनाजवळ बसणाऱ्या चिपला तर हीच परीक्षा उणे 40 ते 125 अंश सेल्सिअसमध्ये द्यावी लागते.

मावशींनी वर दोन मिरच्या टाकल्या. त्या मात्र न मोजता.